सण सुगीचा आणि घरात काळं सोयाबीन

आदरणीय बाई, सलाम.

मी अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. आम्हाला तीन एकर कोरडवाहू. सप्टेंबरात पाऊस लागून राहिला आणि सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. काढलं तेव्हा शेंगा काळ्या पडलेल्या, दाण्याला कोंब आलेले. कपाशीची बोंडं सडली. तूर तेवढी थोडी उभी आहे. मालक तेव्हापासून फारसं बोलत नाहीत, रात्री उठून रानात जातात, बांधावर बसून राहतात. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, थोड्याच दिवसांत सुगीचा सण आहे. महिला मंडळात प्रार्थना करताना मला रडू आलं, तर एक बाई म्हणाल्या, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, देवाचे आभार माना, असं वचन आहे, तुमचा विश्वास कमी पडतोय.’ तेव्हापासून मंडळात जाणं नको वाटतं.

लेक बारावीला आहे. नर्सिंगला जायचं म्हणते. मालक म्हणतात, अर्धा एकर विकू. मी उपास धरून, डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. बोट पडलं ‘वाडवडिलांनी घातलेली मेर (शेताची हद्द) सारू नको’ यावर. मन मानेना म्हणून दुसऱ्यांदा उघडलं, तर अब्राहामाला देव म्हणतो ते निघालं, ‘आपला देश सोडून जा.’ आता कुठलं खरं धरू? ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला वचन निघालं होतं यिर्मया २९:११ चं, देवाचे संकल्प हिताचे आहेत म्हणून. ते मी कपाटाच्या दाराला चिकटवलंय. हल्ली त्याच्याकडे बघवत नाही. आभार मानायला तोंड उघडत नाही. आनंद गेला म्हणजे माझा विश्वासच गेला का?

– एक बहीण

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, तुमचा विश्वास गेलेला नाही. ज्याचा गेला तो उपास धरत नाही, शास्त्र उघडत नाही आणि मला पत्रही लिहीत नाही. उपकारस्तुतीचं, सणाचं, लेकीचं, सगळ्यावर येते. पण तुम्ही पत्रात एक वाक्य सहज टाकून पुढे गेलात, मला आधी तिथंच बसायचंय. मालक बोलत नाहीत. रात्री उठून रानात जातात.

आपल्या मराठवाड्यात हे वाक्य वाचून कुणी पान उलटू नये. आज रात्री जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?’ असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. कुणी विचारलं तर माणसाला बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं माळ्यावर, गोठ्यात, जिथं असतील तिथून उचला आणि भावकीत कुणाच्या तरी कुलपात ठेवा. हे आजच करा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही बोला, मग फोन त्यांच्या हातात द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात, तिथं जायला लाजू नका. आणि उत्तर ‘हो’ आलं, किंवा उत्तर द्यायचं टाळून त्यांनी मान खाली घातली, तर त्यांना घटकाभरही एकटं सोडू नका. दीर, शेजारी, पाळकसाहेब, ज्याला हाक मारता येईल त्याला मारा.

डॉक्टरकडे गेल्याने विश्वासाला कमीपणा येतो असं कुणी म्हणालं, तर त्यांना पहिले राजे १९ वाचायला सांगा. एलीया संदेष्टा म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला त्याने पाहिला. त्यानंतर ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला काय केलं? ‘अरे, काल एवढा चमत्कार पाहिलास आणि आज असं बोलतोस?’ असं खडसावलं नाही. झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं, ‘ऊठ, खा.’ उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो जेवला आणि परत झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा भाकर. बोलणं झालं ते पुढे, बरंच पुढे, होरेब डोंगरावर. मरण मागणाऱ्या माणसाला देवाने आधी झोप दिली, भाकर दिली आणि जवळ कुणीतरी बसवलं. मालकांसाठी आत्ता तुमच्याकडून एवढंच हवंय. त्यांना वचनं ऐकवू नका. गरम भाकर वाढा आणि शेजारी बसा. ते रात्री रानात निघाले तर बॅटरी घेऊन मागोमाग जा.

आता त्या महिला मंडळातल्या बाई. त्यांचा हेतू वाईट नसेल. दुसऱ्याचं रडू बघवत नाही म्हणून माणसं वचन पुढे करतात आणि आपलं काम झालं समजून उठतात. पण त्यांनी जे वचन सांगितलं ते प्रेषित पौलाच्या पत्रातलं, पहिले थेस्सलनीकाकरांस ५:१८ चं आहे, आणि त्यांनी चार ओळी वरून वाचायला सुरुवात केली असती तर त्यांची जीभ अडखळली असती. त्याच अध्यायात, १४व्या वचनात, पौल सांगतो की जे धीर सोडून बसलेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. आधी हे, मग ‘सर्वदा आनंदित असा’, मग ‘निरंतर प्रार्थना करा’, आणि त्यानंतर उपकारस्तुती. एका दमात, एकाच मंडळीला. रडणारीला धीर द्यायची आज्ञा बाकीच्यांना दिली आहे आणि तीच पहिली आली आहे. तुमच्या मंडळाने १४ गाळलं आणि १८ तुमच्या माथी मारलं.

शिवाय हे पत्र ज्यांना गेलं त्यांची दशा बघा. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहे की त्या गावात एवढा दंगा झाला की पौलाला रातोरात बाहेर काढावं लागलं. मागे राहिलेल्या मंडळीला छळ सोसावा लागला. त्यांची माणसं मेली होती, त्या मेलेल्यांचं काय होणार या काळजीत ती होती, म्हणून तर पौलाला चौथ्या अध्यायात त्यावर लिहावं लागलं. आणि तो त्यांना शोक करू नका असं म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, म्हणतो. म्हणजे शोक धरलेलाच आहे.

मंडळात जाणं सोडू नका, ताई. पुढच्या वेळी वाचन तुम्ही मागून घ्या आणि पाचवा अध्याय १२व्या वचनापासून मोठ्याने वाचा. वर एक शब्द बोलायची गरज नाही. बायका हुशार असतात.

तरीही तुमचा मूळ प्रश्न उरतोच. आनंद येत नाही त्याचं काय? पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला अशा वेळी आठवतं. दुष्काळात आईबाप गमावलेली, पायी देश पालथा घातलेली बाई. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही आठ वर्षं मनाला जे हवं होतं ते मिळालं नव्हतं, ख्रिस्ती धर्म हाती आला पण ख्रिस्त भेटला नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ज्या बाईने पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली पोटाशी धरल्या, मूळ भाषांवरून आख्खं बायबल मराठीत आणलं, तिची ही गोष्ट. ती आठ वर्षं त्या काही अविश्वासी नव्हत्या. शोधत होत्या, वाचत होत्या, लोकांशी वाद घालत होत्या. साक्ष द्यायला उभं राहून ‘प्रभूने मला आनंदाने भरलं’ असं घडाघडा म्हणणाऱ्यांपेक्षा मला ती आठ वर्षं जास्त खरी वाटतात.

शास्त्रात तुमच्यासारख्या शेतकऱ्याच्या बायकोला हातात द्यावं असं एक पुस्तक आहे आणि ते सहसा कुणी उघडत नाही. हबक्कूक. जुन्या कराराच्या शेवटाकडे, तीनच अध्याय. चहा करून बसलात तर निवण्याआधी अर्धं होईल. सुरुवातच तक्रारीने आहे: देवा, मी किती दिवस ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? उत्तर येतं तेही धड नाही. देव म्हणतो, खास्दी लोकांची धाड येते आहे. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हबक्कूक त्यावर परत भांडतो, आणि भांडून झाल्यावर पहाऱ्याच्या बुरजावर जाऊन उभा राहतो, आता बघतो तू काय बोलतोस ते. या पुस्तकात देव त्याला कुठेही ‘गप बस’ म्हणत नाही.

आणि मग तिसऱ्या अध्यायाचा शेवट, ज्यातली अर्धीच ओळ आपण ऐकलेली असते. अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्ष लागलं नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात दाणा झाला नाही, वाड्यात मेंढरू उरलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत. सहा गोष्टी, एकेक नाव घेऊन. पंचनाम्याला आलेला तलाठी लिहून घेतो तशी यादी आहे ही, आणि हबक्कूक ती देवापुढे वाचतो. एकही पीक गाळत नाही, ‘तसं बरं आहे’ म्हणून काही झाकत नाही. ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन’ हे त्यानंतर येतं. यादीच्या आदल्याच वचनात तो सांगतो की माझं काळीज थरथरतंय, ओठ कापताहेत, पाय लटपटताहेत. थरथर थांबली आणि मग हर्ष आला, असं त्याने कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही एकाच वेळी चालू आहे. आणि शेवटची ओळ काय, तर ही सगळी प्रार्थना तंतुवाद्यांवर गाण्यासाठी मुख्य गवयाच्या हाती दिली. पीक बुडाल्याची यादी उपासनेत गायची म्हणून!

तुम्ही आपल्या यादीने ही प्रार्थना करा. वहीत लिहा: सोयाबीन काळं पडलं. कपाशी सडली. खताची उधारी फिटली नाही. मालकांचं बोलणं बंद झालं. लेकीच्या फीची सोय नाही. सगळं लिहून होईपर्यंत ‘तरी’ लिहू नका. ते आज आलं नाही तर वही मिटा, उद्या पुन्हा उघडा. हबक्कूकाचा ‘तरी’ तिसऱ्या अध्यायात आला. तुम्ही पहिल्या अध्यायात असाल, तर तोही शास्त्रातलाच अध्याय आहे.

आता सण. आपल्याकडच्या सुगीच्या सणाचं रूप मला पाठ आहे. वेदीपुढे मक्याची कणसं, बाजरी, उसाच्या मोळ्या, भोपळे, पपया, पाय बांधलेली एखादी कोंबडी जी बरोबर उपदेशाच्या मध्यावर ओरडते. उपासना संपली की मांडवात लिलाव. पन्नासाच्या भोपळ्याला पाचशेची बोली लागते, टाळ्या पडतात, घेणारा ऐटीत तोच भोपळा परत देवाला देतो आणि तो पुन्हा लिलावात येतो. मंडळीच्या कामाला पैसा उभा राहतो, लेकरांना मजा येते, त्याला माझी ना नाही. पण ज्याच्या शेतात यंदा काहीच आलं नाही तो त्या दिवशी मागच्या खांबाआड बसतो, नाहीतर येतच नाही, आणि तो आला नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. याचा मला राग आहे.

कारण शास्त्रातली सुगी अशी नाही. लेवीय १९ मध्ये कापणीचा नियमच आहे की शेताचे कोपरे कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. त्या सरव्यावरच रूथचं आख्खं पुस्तक उभं आहे. सुरुवात दुष्काळाने. बेथलेहेमातलं एक कुटुंब पोट भरायला मवाबात जातं, आपल्याकडची माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्याला जातात तसं. तिथं नामीचा नवरा जातो, दोन्ही पोरं जातात. परत येते तेव्हा सोबत फक्त सून, रूथ. गावातल्या बाया जमतात, ‘ही नामीच ना?’ ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, माझं जिणं कडू झालंय. भरली गेले होते, रिकामी आले. आणि नेमका तेव्हा सातूचा हंगाम सुरू झालेला. गावभर सुगी आणि हिच्या पदरात काही नाही. तुमचंच घर की.

पुढचं मात्र नीट वाचा, इथंच मला सगळं सापडतं. नामीला कुणी आभार मानायला लावत नाही. दुसऱ्या दिवशीही तिच्या तोंडून देवाचं कौतुक निघत नाही. रूथ उठते, सरवा वेचायला जाते, दिवसभर वाकून संध्याकाळी एफाभर (एफा हे धान्याचं मोठं माप) सातू घेऊन येते, दुपारच्या जेवणातलं उरलेलंही सासूसाठी बांधून आणते. ते बघून नामी विचारते, ‘आज कुठं वेचलंस? कुठं काम केलंस?’ आणि शेताच्या मालकाचं, बवाजाचं, नाव कळल्यावर पहिल्यांदा तिच्या तोंडून देवाचे आभार निघतात. घर अजून रिकामंच आहे. गेलेले परत आलेले नाहीत. पण कुणीतरी आपल्याला पाहिलं, कुणीतरी चार पेंढ्या मुद्दाम टाकल्या, हे तिला दिसलं.

म्हणून घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला रोज हाच प्रश्न विचारा. ‘आज कुठं वेचलंस?’ लेकीला विचारा, धाकटं कुणी असेल तर त्याला, आणि बोलते झाले की मालकांनाही. शेजारणीने ताक दिलं, एसटीच्या कंडक्टरने सुट्ट्या पैशांसाठी अडवलं नाही, तुरीला फुलोरा धरला. जे खरंच मिळालं तेवढंच सांगायचं. काही मिळालं नसेल तर ‘आज काही नाही’ म्हणायचं आणि आमेन म्हणून जेवायला बसायचं. असं करता करता काही दिवसांनी मिळालेलं आपोआप डोळ्यांत भरायला लागतं. उसनं आणलेल्या आभाराने ते होत नाही.

आणि सणाला जाच. रिकाम्या हाताने जाऊ नका. ओंजळभर काळं सोयाबीन न्या आणि सोबत उभ्या तुरीची एक डहाळी न्या. पाळकसाहेबांना आदल्या दिवशी सांगा की ही आमची यंदाची सुगी आहे आणि मला ती देवापुढे ठेवायची आहे, जमलं तर हबक्कूकाचा शेवट वाचा. ज्यांच्या घरी असंच झालंय अशी आणखी चार-पाच घरं तुमच्या मंडळीत नक्की असतील. त्यांनाही आणायला सांगा. लिलावाचा पैसा यंदा त्या घरांच्या रब्बीच्या हरभऱ्याच्या बियाण्याला जावा, असंही पंचकमिटीपुढे कुणीतरी मांडायला हवं. तुम्हाला संकोच वाटत असेल तर हे सदर कापून त्यांच्या हातात द्या, वाईटपणा माझ्यावर येऊ दे.

राहिलं ते वचन काढण्याचं. डोळे मिटून बोट ठेवायचं, दोन वचनं निघाली, दोन्ही उलटी. ताई, हसू नका, पण तिसऱ्यांदा बोट ठेवलं असतं तर कदाचित मंदिराच्या खांबांचं मापही निघालं असतं. ‘मेर सारू नको’ हे नीतिसूत्रांतलं वचन दुसऱ्याच्या रानात रात्री बांध कोरणाऱ्यासाठी आहे. पुढच्याच अध्यायात ते पुन्हा येतं आणि तिथं स्पष्ट म्हटलंय की अनाथांच्या शेतात घुसू नको. स्वतःची जमीन लेकीसाठी विकावी की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अब्राहामाला जे सांगितलं ते अब्राहामाला. त्यावरून कुणी घर सोडायला लागलं तर गावंच्या गावं रिकामी होतील. तुमच्या कपाटावरचं वचन ज्याचं, त्याच यिर्मयाने शत्रूचा वेढा पडलेला असताना चुलतभावाचं शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतलं, हे ३२व्या अध्यायात आहे. आता ते वाचून ‘जमीन विकू नका असं वचन आलं’ असं मला कळवू नका.

कुणी म्हणेल, प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्याच की. टाकल्या, मत्थिया या नव्या प्रेषिताला निवडताना. पण ते पेन्टेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यानंतर नव्या करारात चिठ्ठ्या टाकून ठरवल्याचं पुन्हा कुठे येत नाही. पुढे मोठा पेच पडला तेव्हा, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, ती माणसं एकत्र बसली, भरपूर वाद झाला, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांचं ऐकलं, शास्त्र उघडून ताडून पाहिलं, आणि मग लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं. मार्गदर्शन असंही येतं. चटईवर बसून, चारचौघांशी बोलून.

कपाटावरचं यिर्मयाचं वचन काढून फेकू नका, पण ते कुठून आलं ते बघा. लेकीचं लांबलचक पत्र यावं आणि आपण त्यातली एकच गोड ओळ कात्रीने कापून भिंतीला लावावी, तसं झालंय ते. यिर्मया २९ हे खरोखरचं पत्रच आहे, यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या माणसांना लिहिलेलं. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो, दोन नाही, सत्तर. तोवर तिथंच घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर ‘हिताचे संकल्प’ येतात. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी मायदेशी परत जाणं डोळ्यांनी पाहिलं नसेल, त्यांच्या नातवंडांनी पाहिलं. त्या वचनात यंदाच्या सोयाबीनचं काहीही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे त्याने तुम्हाला फसवलंही नाही. ते तुमच्या घरात पुढेमागे कुणासाठी खरं होईल तर कदाचित या लेकीसाठी, पण त्यासाठी आधी ‘मळे लावा’ हा भाग करावा लागतो. तुमच्या जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते असंच. निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवली आणि माणसं राहती केली.

तर लेकीचा मळा. तिला जायचंय, तिचा कल आहे, तुम्हा दोघांना ते पसंत आहे. मग यात चिठ्ठी काढण्यासारखं काही उरत नाही, पैशाचा हिशेब उरतो. आणि तो अजून तुम्ही केलेला नाही, थेट जमिनीवर गेलात. सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फॉर्म कधी सुटतो हे तिला कॉलेजातल्या बाईंकडून कळेल, तो चुकवू नका. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, दोन्हींच्या फीमध्ये आणि सरकारी-खाजगीत बराच फरक पडतो. २०२४ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. तुमच्या मनातल्या कॉलेजाला आणि कोर्सला ती लागू होते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर हे आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतूवर रांगा लागतात. वसतिगृह आणि मेस यांचा खर्च वेगळा धरा, घरं अडतात ती तिथंच. एवढं सगळं मांडूनही पैसा कमी पडला तर अर्ध्या एकराचा विषय काढा, आणि तेव्हाही आधी बटईने देता येतं का ते बघा. घाईत, पडत्या वर्षात, पडेल भावाने जमीन जाते आणि घेणारा ते ओळखून असतो.

वाचायचं म्हणाल तर या महिन्यात रूथ आणि हबक्कूक, दोनच. सलग. लेकीने मोठ्याने वाचावं, तुम्ही भाकरी थापत ऐका, मालक ओसरीवर असतील तर त्यांच्या कानावर पडेल तेवढं पडू द्या. त्यांना पुढ्यात बसवू नका.

जमिनीला आणि लेकीच्या ॲडमिशनला जूनपर्यंत सवड आहे. मालकांशी बोलायला आजची रात्र. बोलणं झालं की मला दोन ओळी टाका.

सलाम.